वाट चुकलेली रोहिणी

देवळीस माझें आजोळ. वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्यानें निघालें म्हणजे पांचएक कोसांवर हें गांव लागतें. काळी जमीन, कापसाचें पीक, मिरननाथ महाराजांचें देऊळ, आणि बाजाराच्या दिवशीं पूर्वीं जेथें बैलगाड्या सुटत तेथें आतां उभे राहणारे ट्रॅक्टर, एवढ्या खुणा सांगितल्या म्हणजे विदर्भांतील वाचकांच्या डोळ्यांपुढें तें गांव उभें राहील. इतरांस त्याहून अधिक जाणून घेण्याचें प्रयोजन नाहीं. कारण या लेखाचा विषय देवळी नसून, देवळींतील एका गृहस्थाच्या छातींत अडुसष्ट वर्षें लपून राहिलेली एक रोहिणी हा आहे. ते गृहस्थ म्हणजे माझे मामा.

मामांचें जेवण हा आमच्या लहानपणीं सुटींतील करमणुकीचा विषय होता. पंगत बसे, आजोबा चित्राहुति घालीत, मुलांचीं पानें बघतां बघतां स्वच्छ होत, आणि विशींतले मामा मात्र अजून पहिल्याच भाकरीशीं झगडत असत. प्रत्येक घासामागें पाण्याचा एक घोट, मान किंचित् उंच, डोळे क्षणभर मिटलेले. “ह्याले रवंथ केल्याबिगर गिळताच येत नाही,” असें आजी म्हणे, आणि आम्ही मुलें हंसत असूं. लग्नकार्यांत त्यांच्यापायीं पंगत खोळंबे. म्हणून चारचौघांत ते अर्धपोटींच उठत. हे सारे नखरे आहेत याविषयीं घरांत कोणाचेंही दुमत नव्हतें. माझें तर नव्हतेंच.

गेल्या वर्षीं मामांचें वजन झपाट्यानें उतरूं लागलें आणि भाकरीचा घास अजिबात उतरेनासा झाला. आमच्या भागांत तंबाखू व खर्रा यांनीं इतकीं माणसें नेलीं आहेत कीं, गिळतां येत नाहीं म्हटलें म्हणजे सगळ्यांच्या मनांत एकच शब्द येतो व तो कोणी उच्चारीत नाहीं. वर्ध्यास नेलें, दुर्बीण घातली. गांठ नव्हती. परंतु अन्ननलिकेच्या मागच्या भिंतीवर एका जागीं कांहींतरी आडवें दाबत असून तें नाडीसारखें उडतें आहे, असें तपासणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षांत आलें. मग सी. टी. स्कॅन झाला. दुसऱ्या दिवशीं एका तरुण डॉक्टरनें कागदाच्या पाठीवर आकृति काढून आम्हांस समजावून सांगितलें कीं, मामांच्या उजव्या हाताकडे जाणारी मोठी रोहिणी जन्मापासूनच भलत्या ठिकाणाहून निघाली आहे, आणि उजवीकडे पोंचण्यासाठीं ती अन्ननलिकेच्या मागून आडवी गेली आहे. मामांनीं तो कागद बराच वेळ हातांत धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हंजे भाचेबुवा, मी नखरे नव्हतो करत तं.”

मी इतिहासाचा अध्यापक. शरीरशास्त्राशीं माझा संबंध इंटरच्या वर्गांत एक बेडूक चिरण्यापुरता. परंतु मामांचें तें वाक्य कांहीं केल्या मनांतून जाईना. तेव्हां हा विकार प्रथम कोणास कळला, केव्हां कळला, आणि कळण्यास इतका काळ कां लागला, हें शोधण्याच्या नादीं मी लागलों. जें हातीं लागलें तें येथें देतों.

प्रथम नेहमींचा रस्ता सांगितला पाहिजे. हृदयांतून शुद्ध रक्त घेऊन निघणारी महारोहिणी छातींत वर चढते, डावीकडे व मागें वळून एक कमान करते आणि पाठीच्या कण्याच्या कडेनें खालीं उतरते. या कमानीवरून तीन शाखा फुटतात. पहिली आंखूड व जाड असून तिचे लगेच दोन फांटे होतात. एक उजव्या बाजूनें डोक्याकडे जातो, दुसरा उजव्या हाताकडे. दुसरी शाखा डोक्याच्या डाव्या बाजूची, तिसरी डाव्या हाताची. कालव्यावरील पाट जसे ज्या बाजूचें शेत त्याच बाजूस फोडलेले असावे, तशी ही सोईची मांडणी आहे. मामांच्या ठिकाणीं उजव्या हाताचा पाट पहिल्या शाखेंतून न निघतां सर्वांच्या शेवटीं, डाव्या टोकास फुटला; मग त्याला छाती ओलांडून उजवीकडे येणें भाग पडलें. अशा रोहिण्यांपैकीं बहुसंख्य अन्ननलिकेच्या मागून जातात, कांहीं थोड्या अन्ननलिका व श्वासनलिका यांच्या मधून. ही रचना वाटते तितकी दुर्मिळ नव्हे. शेंकडा अर्ध्यापासून दोनपर्यंत माणसांत ती आढळते, म्हणजे देवळीसारख्या गांवांत मामांसारखे अनेक लोक असावयास हरकत नाहीं. त्यांतील बहुतेकांस जन्मभर कसलाच त्रास होत नाहीं व त्यांना तिचा पत्ताहि लागत नाहीं.

निसर्गाच्या हातून अशी चूक होते कशी, याचें उत्तर मिळण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. १८२५ मध्यें मार्टिन हाइनरिख राठके या जर्मन शरीरशास्त्रज्ञास डुकराच्या व कोंबडीच्या गर्भांत, मानेच्या जागीं, माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी दिसल्या. माशाच्या प्रत्येक कल्ल्यास रक्त पुरविणारी एकेक कमान असते. तशाच कमानींच्या जोड्या गर्भांतहि एकामागून एक तयार होतात. त्या सहा धरण्याचा प्रघात आहे, पण सहाहि एकाच वेळीं नांदत नाहींत. कांहीं येतात आणि लगेच विरून जातात. मनुष्याच्या गर्भांत हा सारा खेळ साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यांत आटोपतो, म्हणजे पुष्कळदां आईला दिवस गेल्याची खात्री व्हावयाच्याहि आधीं. शेवटीं चौथ्या जोडींतील डावी कमान टिकते व तीच आपली महारोहिणी होते. उजवीचा वरचा तुकडा उजव्या हाताच्या रोहिणीच्या बुडाशीं उरतो आणि बाकीचा भाग नाहींसा होतो.

आतां गंमत अशी कीं, सर्व प्राण्यांनीं डावीच कमान निवडलेली नाहीं. बेडकांत दोन्ही राहतात व पाठीशीं एकमेकींस मिळतात. इंटरच्या वर्गांत मेणाच्या तबकावर टांचण्यांनीं ताणलेल्या त्या बेडकांत मीं त्या पाहिल्या असल्या पाहिजेत, पण तेव्हां माझें सगळें लक्ष पुढील बांकावरील मित्राकडे होतें. पक्ष्यांत उजवी टिकते. खिडकींत येऊन बसणाऱ्या कावळ्याची महारोहिणी उजवीकडे वळते. माणसांतहि हजारांत सुमारें एकाची कमान अशी उजवीकडे वळलेली असते, आणि त्याहून क्वचित् एखाद्याच्या दोन्ही कमानी शिल्लक राहून श्वासनलिका व अन्ननलिका यांच्याभोंवतीं कडें पडतें. यावरून अमक्यांत कावळा आहे व तमक्यांत बेडूक, असें अनुमान काढण्याचें कारण नाहीं. गर्भ आपल्या पूर्वजांचा जिना पायरीपायरीनें चढत येतो हें हेकेलचें मत विद्वानांनीं केव्हांच टाकून दिलें आहे. दशावतारांशीं त्याची सांगड घालण्याचा मोह आपल्याकडील लेखकांस मागें पुष्कळ झाला. मी त्यांत शिरत नाहीं. खरें इतकेंच कीं, सगळ्यांचें कच्चें सामान एक आहे आणि त्यांतून काय ठेवावें व काय टाकावें हा हिशेब थोडा चुकला कीं, रस्ता बदलतो. मामांच्या गर्भावस्थेंत उजव्या कमानीचा टाकावयाचा तुकडा राहिला व राखावयाचा तुकडा गेला, एवढाच काय तो फरक.

पण हें ज्ञान पुढचें. त्याआधीं जवळजवळ दोन पिढ्या, १७६१ मध्यें, इंग्लंडांत जेन फोर्डम नांवाची एक बाई वारली. वय साठीच्या पुढें. लहानपणापासून तिला घास उतरत नसे. वयाबरोबर तो त्रास वाढत गेला आणि अखेर उपासमारीनेंच तिचा अंत झाला. डेव्हिड बेफर्ड हा तेव्हां विशींतला होतकरू वैद्य. तिच्या मृत शरीराची तपासणी झाली तेव्हां घशांत गांठ नाहीं, व्रण नाहीं, अन्ननलिका धड. मात्र उजव्या हाताची रोहिणी डावीकडून निघून अन्ननलिकेस दाबीत आडवी गेलेली. बेफर्डनें ही हकीकत मनांत जपून ठेविली आणि पंचवीसहून अधिक वर्षें लोटल्यावर, १७८७ मध्यें, लंडनच्या वैद्यक-मंडळापुढें ती वाचली. लॅटिनमध्यें अशा विचित्र रचनेस ‘निसर्गाचा खेळ’ म्हणण्याची रूढि होती. खेळाला ‘लूसुस’ हा शब्द. त्यावरून बेफर्डनें या विकारास ‘लूसोरिया’ हें नांव दिलें, आणि त्या रोहिणीस आजहि तेंच नांव चालतें. मामांच्या अहवालावर तो शब्द मीं स्वतः पाहिला. साठ वर्षें एका बाईच्या तोंडचा घास काढून घेणाऱ्या खेळास खेळ म्हणावें कीं नाहीं हा प्रश्न बेफर्डला पडला होता किंवा कसें, हें मी सांगूं शकत नाहीं. मला मात्र तो शब्द वाचतांना आमचें लहानपणचें हंसणें आठवलें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. जेन फोर्डमचा रोग तिच्या मरणानंतर कळला. त्या काळांत तसाच कळावयाचा. जिवंत माणसाच्या छातींत डोकावण्यास कोणतेंच साधन नव्हतें. दुहेरी कमानीचें वर्णन हॉमेलनें १७३७ मध्यें केलें तेंहि प्रेतावरून; मोर्गान्यीनें १७६० मध्यें आंखडलेली महारोहिणी पाहिली तीहि प्रेतांतच. तेव्हां रोहिण्यांच्या या चुकांचा इतिहास म्हणजे एका अर्थी शवच्छेदनाचा इतिहास होय. आपल्याकडे त्याची कथा निराळी आहे. सुश्रुतानें प्रेत मुंजादिकांनीं वेष्टून पिंजऱ्यांत ठेवावें, वाहत्या पाण्यांत सात रात्री कुजवावें आणि मग वाळा किंवा बांबू यांच्या कुंच्यानें हळूहळू घांसून त्वचेपासून आंतील अवयवांपर्यंत सर्व पाहावें, असें स्पष्ट सांगितलें आहे. शस्त्र न लावतां शरीर पाहण्याची ही युक्ति विलक्षण खरी. पण सात रात्री भिजलेल्या देहांत कोणती रोहिणी कोठून फुटली हें ओळखूं येण्याजोगें फारसें उरत नसावें. पुढें तर तेवढेंहि राहिलें नाहीं. ग्रंथ पाठ होत राहिले, प्रेत पाहणारे हात गेले. मुंबईस १८४५ मध्यें ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलें व १८५१ मध्यें भाऊ दाजींसह पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हां या प्रांतांत महारोहिणीची कमान प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलेले देशी वैद्य प्रथमच निपजले.

नाडीपरीक्षेचा आपल्याला अभिमान आहे आणि तो सर्वस्वी अस्थानीं नाहीं. शार्ङ्गधरसंहितेंत तिचें वर्णन आहे. साप, बेडूक, हंस यांच्या गतीच्या उपमा तर पाठ असणारे लोक अजून भेटतात. परंतु परंपरेनें पुरुषाचा उजवा हात व स्त्रीचा डावा हात पाहावा असा संकेत पडला. महारोहिणीच्या जन्मजात दोषांत तर सारें मर्म दोन नाड्या ताडून पाहण्यांत आहे: उजवी व डावी, आणि त्याहून महत्त्वाची म्हणजे हाताची व पायाची.

हें पायाच्या नाडीचें प्रकरण थोडें विस्तारानें सांगतों, कारण मामांच्या विकारापेक्षां तें कितीतरी घातक आहे. कांहीं माणसांत कमान जेथें संपते त्या जागीं महारोहिणी जन्मतःच आंखडलेली असते. गळ्याला दोरी आवळलेल्या पिशवीप्रमाणें. दर दहा हजार जन्मांमागें सुमारें चार बालकांत हा दोष असतो. पॅरिसमधील एका शवच्छेदकानें (योगायोगानें त्याचें आडनांवहि पॅरिसच) १७९१ मध्यें त्याचें नमुनेदार वर्णन केलें. १९०३ मध्यें बोनेनें त्याचे अर्भकांचा व प्रौढांचा असे दोन प्रकार पाडले. प्रौढांचा म्हणावयाचें कारण असें कीं, पुष्कळजण हा दोष घेऊन वाढतात, लग्न करतात, शेत नांगरतात. आवळलेल्या जागेच्या वर रक्ताचा दाब चढलेला असतो, खालीं उतरलेला. मग रक्त आडवाटा शोधतें. फासळ्यांच्या खालच्या कडेनें जाणाऱ्या बारीक रोहिण्या फुगून वेड्यावांकड्या होतात, आणि वर्षानुवर्षांच्या त्यांच्या उडण्यानें हाडावर खांचा पडतात. देवळीच्या जुन्या विहिरींच्या कांठावर दोरानें दगड झिजून पडलेले चरे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना त्या खांचांचें वेगळें चित्र दाखवावयास नको. क्ष-किरणांच्या तसबिरींत त्या दिसतात, आणि रोगी समोर बसून मला फक्त डोकेदुखी आहे म्हणून सांगत असतो.

या माणसांचें पुढें काय होतें? माँट्रियल येथील मॉड ॲबट या विदुषीनें १९२८ मध्यें असे दोनशें प्रौढ रोगी एकत्र करून तपासले. मृत शरीरांतील हृदयें जमविण्यांत व त्यांची नोंद ठेवण्यांत जिनें आयुष्य घालविलें अशी ही बाई. तिचा हजार हृदयांचा चित्रसंग्रह १९३६ मध्यें प्रसिद्ध झाला. मॉरिस कॅम्पबेल या इंग्रज वैद्यानें १९७० मध्यें जो हिशेब मांडला तो अधिक बोलका आहे. शस्त्रक्रिया न झालेले व बालपण ओलांडलेले हे रोगी सरासरीनें चौतिसाव्या वर्षीं मरत आणि शेंचाळीस वर्षांपर्यंत त्यांतील तीनचतुर्थांश गेलेले असत. मेंदूंत रक्तस्राव, महारोहिणी फुटणें, हृदय थकणें, ही कारणें. चौतीस वर्षें म्हणजे घरांत दोन लहान मुलें आणि डोक्यावर सोसायटीचें कर्ज असावयाचें वय. आणि हें सर्व ओळखण्यास लागतें काय? मनगटाची नाडी चालू असतां दुसऱ्या हाताचीं दोन बोटें रोग्याच्या जांघेंत ठेवावयाचीं. तेथील ठोका क्षीण असेल, उशिरा येत असेल, तर संशय घ्यावयाचा. यंत्र नको, वीज नको, पैसा नको. रक्तदाबाच्या गोळ्या दहा दहा वर्षें लिहून देणारे पण तरुण रोग्याच्या जांघेस एकदांहि हात न लावणारे वैद्य आजहि सर्व देशांत आहेत, ही गोष्ट मला तरी क्षम्य वाटत नाहीं.

उपाय सांपडला तो युद्धाच्या धुमाळींत. स्वीडन लढाईंत नव्हतें. स्टॉकहोमच्या क्लारेन्स क्राफूर्ड या शल्यवैद्यास पूर्वींच्या एका शस्त्रक्रियेंत रक्तस्राव आवरण्यासाठीं महारोहिणी बराच वेळ चिमटून धरावी लागली होती. तरीहि रोगी धड राहिला. त्यावरून त्याला धैर्य आलें. १९ ऑक्टोबर १९४४ रोजीं त्यानें एका शाळकरी मुलाच्या महारोहिणीचा आंखडलेला भाग कापून काढला आणि दोन्ही टोकें एकमेकांस शिवलीं. त्यानंतर पंधरवड्याच्या आंतच दुसरा रोगी मेजावर आला; तो सत्तावीस वर्षांचा शेतकरी होता. त्या शेतकऱ्याविषयीं मला याहून अधिक माहिती मिळाली नाहीं. पण कॅम्पबेलच्या हिशेबानें त्याच्या हातीं सातएक वर्षें उरलीं होतीं, एवढें गणित करतां येतें. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉसनें तीच शस्त्रक्रिया केली, आणि त्याच वर्षीं दुहेरी कमानीच्या कड्यांत श्वास कोंडलेल्या एका वर्षाच्या बालकाचें कडें तोडून त्यास मोकळें केलें. १९४६ मध्यें त्यानें बेफर्डच्या रोहिणीवर, म्हणजे मामांच्या रोहिणीवर, पहिली शस्त्रक्रिया केली. जेन फोर्डमच्या मरणास तेव्हां एकशें पंचाऐशीं वर्षें झालीं होतीं.

मध्यंतरीं जिवंतपणीं निदान करण्याचाहि मार्ग निघाला होता. बर्लिनच्या कोमेरेल नांवाच्या क्ष-किरणतज्ज्ञानें १९३६ मध्यें एका वयस्क माणसास बेरियमचें पाणी पाजून तसबीर काढली असतां अन्ननलिकेवर मागून पडलेला दाब दिसला, आणि तो या वाट चुकलेल्या रोहिणीचा आहे हें त्यानें ओळखलें. रोहिणीच्या बुडाशीं फुगवटा होता. त्या फुगवट्यास आज कोमेरेलचेंच नांव आहे. त्यानंतर बारा वर्षांनीं जेसी एडवर्ड्स या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञानें एक साधी आकृति मांडली. दोन्ही कमानी शाबूत असलेलें एक काल्पनिक कडें काढावयाचें आणि विचारावयाचें कीं, हें कडें कोठें तुटलें? येथें तुटलें तर सर्वसामान्य माणूस, तेथें तुटलें तर उजवी कमान, आणखी थोडें पलीकडे तुटलें तर मामा. दोनशें वर्षांचे सुटे सुटे चमत्कार एका आकृतींत बसले. मला स्वतःला या सगळ्या इतिहासांत शस्त्रक्रियांहूनहि ही आकृति अधिक आवडली. पण हा अध्यापकी दोष असावा.

आपल्याकडील शल्यवैद्यांची व विकृतिशास्त्रज्ञांची कामगिरी या प्रकरणांत निराळ्या दिशेची आणि माझ्या मतें फार मोलाची आहे. मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन (ज्यांनीं पुढें १९६८ च्या फेब्रुवारींत भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें तेच) व त्यांचे सहकारी डॉ. किनरे, इंजिनियर आणि परुळकर यांनीं १९६३ मध्यें ब्रिटिश हृदयविषयक नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. महारोहिणी मधल्या भागांत आंखडलेल्या रोग्यांविषयीं तो होता. पाश्चात्य पुस्तकें वाचून शिकलेल्या वैद्यास, आंखडलेली महारोहिणी दिसली कीं, ती जन्मजातच असणार असें वाटणें साहजिक. परंतु आपल्या देशांत, विशेषतः तरुण स्त्रियांत, निरोगी जन्मलेली महारोहिणी पुढें दाहानें जाड होऊन आंखडते, असेंहि घडतें. जपानांतील ताकायासू या नेत्रवैद्यानें १९०८ मध्यें अशा एका तरुणीच्या डोळ्यांतील चमत्कारिक रक्तवाहिन्यांचें वर्णन केलें होतें. तोच हा रोग. डॉ. किनरे यांनीं प्रेतांतील महारोहिण्यांचा अभ्यास करण्यांत पुढें आयुष्याचा मोठा भाग घातला. जन्माचा दोष व जन्मानंतरचा रोग यांतील भेद करणें म्हणजे शब्दांचा कीस काढणें नव्हे. एकास सुरी किंवा आंतून घातलेली जाळी लागते, दुसऱ्यास आधीं दाह शमविणारें औषध. परक्या पुस्तकांतील उत्तर आपल्या रोग्यावर न चिकटवितां प्रेत उघडून पाहावें, ही सुश्रुताची शिकवण परळच्या त्या शवागारांत पुन्हां जागी झाली असें मी म्हणतों. अतिशयोक्तीचा आरोप आला तरी चालेल.

आतां मामांकडे परत येतों. एक शंका उरलीच होती. हा दोष जन्माचा, तर आतांच इतकें काय बिघडलें? डॉक्टरनें सांगितलें कीं, वयाबरोबर रोहिण्या ताठर होतात, लहानपणीं जी लवचिक दोरी होती तिची सत्तरीजवळ काठी बनते, आणि म्हणून पुष्कळांचा त्रास उतारवयांतच डोकें वर काढतो. हें खरें आहेच. पण त्यानें आणखी एक प्रश्न विचारला. “काका, तुम्ही जेवायला काय घेतां?” मामा गप्प राहिले. सूनबाईंनीं सांगितलें, “सगळ्यांसारखंच. भाकरी, भाजी, वरण-भात.” “आणि आधीं?” तेव्हां मामांनीं जें सांगितलें तें आमच्या घरांत कोणासहि ठाऊक नव्हतें. मामी दोन वर्षांपूर्वीं वारल्या. लग्न होऊन आल्यापासून चाळीस वर्षें त्या मामांचें ताट सर्वांच्या शेवटीं, स्वयंपाकघरांतच, वेगळें वाढीत. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून त्यांत ताक, भात आसट, भाकरी असली तर दुधांत आधींच भिजत घातलेली. सासूला दिसूं नये म्हणून वरून एक कोरडी चतकोर ठेवीत, ती नंतर गायीच्या पुढें जाई. याविषयीं त्या दोघांत कधीं बोलणें झालें नव्हतें. “तिनं कधी विचारलं नाही, मीबी कधी सांगितलं नाही,” एवढेंच मामा म्हणाले. बेफर्डनें प्रेत चिरून जें पाहिलें तें मामींना कसें कळलें होतें, याचा उलगडा कोणत्याहि ग्रंथांत नाहीं.

शस्त्रक्रियेचा विचार झाला. हल्लीं छाती न फाडतांहि पुष्कळ काम होतें. मानेंतील रोहिणीला हाताची रोहिणी जोडून देतात आणि जुन्या वाटेचें तोंड आंतून जाळी घालून बंद करतात. परंतु मामांच्या रोहिणीच्या बुडाशीं कोमेरेलचा फुगवटा नव्हता. फुगवटा असेल तर फुटण्याचें भय असतें व मग शल्यवैद्य फार वाट पाहात नाहींत. तेव्हां आधीं जेवण पूर्ववत् मऊ करावें, तीन महिन्यांनीं वजन पाहावें, आणि वर्षांदोनवर्षांनीं पुन्हां तसबीर काढावी, असें ठरलें. सूनबाईंनीं कण्या शिजवावयास सुरुवात केली. पहिल्या महिन्यांत दोन किलो वजन परत आलें. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे; देवळीहून तें आठ कोसांपलीकडे नाहीं. आम्हांपैकीं कोणीहि मामांना कधीं तेथें नेलें नाहीं, कारण नखऱ्यांसाठीं कोणी दवाखान्यांत जात नाहीं.

निघतांना डॉक्टरनें दोन गोष्टी बजावल्या. ज्यांची ही रोहिणी वाट चुकलेली असते त्यांच्या गळ्यांतील उजव्या बाजूची स्वरयंत्राची नाडीतंतुहि नेहमींच्या वळणानें न जातां सरळ जाते. स्टेडमन नांवाच्या वैद्यानें १८२३ मध्येंच तें पाहून ठेविलें आहे. पुढें कधीं गळ्यावर शस्त्रक्रिया करावयाची वेळ आली आणि शल्यवैद्यास हें माहीत नसलें, तर ती तंतु कापली जाऊन आवाज जाण्याचा धोका असतो. तसेंच हृदयाच्या तपासणीसाठीं उजव्या मनगटांतून नळी घालावयाची झाली तर ती या आडवाटेवर अडेल. म्हणून अहवाल व ती आकृति जपून ठेवावी, कोणाहि नव्या डॉक्टरास प्रथम दाखवावी.

मामांनीं अहवालाची एक प्रत मुलाकडे दिली. आकृतीचा कागद मात्र त्यांनीं स्वतःकडे ठेवला. गेल्या महिन्यांत मी देवळीस गेलों तेव्हां त्यांनीं लोखंडी पेटी उघडली. सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, मामींच्या नांवचें जुनें रेशनकार्ड, आणि या सगळ्यांच्या खालीं प्लॅस्टिकच्या पिशवींत घडी करून तो कागद होता. तो मला पुन्हां एकदां वाचून दाखवावयास त्यांनीं सांगितलें. मग पानें मांडलीं गेलीं. आमचीं जेवणें आटोपलीं तरी मामांचें अर्ध्यावर होतें. कोणी उठलें नाहीं. मामांनीं एकदां सभोंवतीं पाहिलें, पाण्याचा घोट घेतला, आणि पुढचा घास उचलला.